तुक्का आणि इल्म

परीक्षेत एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसताना विद्यार्थ्याने चारपैकी कोणताही एक पर्याय निवडला, तर ते खोटे बोलणे होते का? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. यात कसली आली नीती-अनीती, असे कुणी म्हणेल. पण अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर काही वर्षे बसल्यावर मला वाटू लागले आहे की, हा प्रश्न लहान नाही. इल्म कशाला म्हणायचे, इथपर्यंत तो जातो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते आणि सेवाग्रामला राहते. बापूंच्या कुटीचे हे गाव. याच गावात अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. आमच्या शाळेतून दहावी होऊन पुढे गेलेली काही मुले-मुली रविवारी सीईटीच्या प्रश्नांचा सराव करायला माझ्याकडे येतात. कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाची अम्मी शिलाईकाम करते. शहरातल्या मोठ्या क्लासची फी यांतल्या बहुतेक घरांना झेपणारी नाही.

सीईटीचा हिशेब सरळ आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 50 प्रश्न, एकेका गुणाचे. गणिताचे 50 प्रश्न, दोन-दोन गुणांचे. एकूण 200 गुण, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून प्रत्येक क्लासमध्ये पहिला धडा हाच असतो की, एकही प्रश्न रिकामा सोडू नका. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला वजा 1. तिथेही चार पर्यायांच्या चार प्रश्नांत डोळे मिटून तुक्के मारले, तर सरासरीने एक बरोबर येतो. 4 मिळाले, 3 गेले, एक गुण शिल्लक. म्हणजे गुण कापूनही तुक्का तोट्यात जात नाही.

एका रविवारी एका मुलीने गणिताच्या सराव पेपरात 14 प्रश्न कोरे ठेवले. बाकीच्यांनी एकही सोडला नव्हता. मुले तिला हसली. ती म्हणाली, ‘टीचर, जो आता नहीं उसपे टिक कैसे करूं? ये तो झूठ हुआ ना?’ शेजारचा मुलगा म्हणाला, ‘सीट जाएगी तेरी.’ त्याचेही बरोबर होते. 14 तुक्क्यांत सरासरीने तीन-साडेतीन प्रश्न बरोबर येतात, म्हणजे सुमारे 7 गुण. एवढ्या गुणांनी गुणवत्ता यादीतली जागा पुष्कळ खाली-वर होते. सरकारी महाविद्यालय मिळणे आणि न परवडणारी फी पाहून घरी बसणे यांतले अंतर कधी कधी एवढेच असते. अशा मुलीला केवळ ‘शाबास’ म्हणून मोकळे होणे योग्य नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

खोटे बोलण्यासाठी आधी काही दावा करावा लागतो. परीक्षा घेणारे ‘तुला येते का?’ असे विचारत नाहीत, ‘कोणता पर्याय?’ एवढेच विचारतात. न येणारा मुलगाही पर्याय निवडणार, हे त्यांना माहीत असते. नियम सर्वांना सारखा आणि जाहीर आहे. हजच्या अर्जांचा कुर्रा निघतो, तेव्हा ज्याचे नाव आले तो इतरांपेक्षा अधिक नेक ठरला असे कुणी मानत नाही. त्यात कुणाची फसवणूकही होत नाही. परीक्षेच्या दालनातला तुक्का मला तसाच वाटतो. तो इल्म नाही, पण खियानतही नाही. मी त्या मुलीला म्हटले, परीक्षेच्या दिवशी एकही प्रश्न सोडू नकोस.

पण सरावाची गोष्ट वेगळी आहे. तिथे पेपर तपासणारे आपणच आणि उत्तर देणारेही आपणच. तुक्क्याने बरोबर आलेल्या उत्तरासमोर मूल ऐटीत बरोबरची खूण करते आणि पुढे जाते. 38 बरोबर आले, असे घरी सांगते. त्या 38 पैकी आठ त्याला येतच नव्हते, हे काही दिवसांनी तेही विसरते. त्याने जगाला फसवलेले नसते, स्वतःला फसवलेले असते.

आपल्या परंपरेत ‘मला माहीत नाही’ म्हणण्याला मोठा मान आहे. इमाम मालिक यांच्याबद्दल सांगतात की, त्यांना 48 मसले विचारले गेले आणि त्यांतल्या 32 मसल्यांना त्यांनी ‘ला अदरी’, म्हणजे मला माहीत नाही, असे उत्तर दिले. मदिनेच्या एवढ्या मोठ्या आलिमाला त्यात कमीपणा वाटला नाही. फतव्याच्या शेवटी ‘वल्लाहु आलम’ लिहिण्याची रीतही याच नम्रतेतून आलेली आहे.

आमच्या मुलांच्या ‘येत नाही’मध्ये आणखी एक पेच असतो. त्यांनी दहावीपर्यंत त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया आणि समीकरणाला मुसावात म्हटलेले असते. सीईटीत भौतिक-रसायनाचा पेपर उर्दूतून घेता येतो, गणित मात्र इंग्रजीतच येते. मग गणित येत असूनही शब्द न कळल्याने मूल तुक्का मारते. शब्द अडला की विषय अडला, हे वेगळे ओळखता आले तरच त्यावर इलाज होतो. तुक्का हा फरक झाकून टाकतो.

सेवाग्राममध्ये राहून या प्रश्नाचा विचार करताना डॉ. झाकिर हुसेन यांची आठवण येतेच. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद जामिया मिल्लियाच्या झाकिर साहेबांकडे आले. टकळीवर सूत काढता काढता मुलाने हिशेब शिकावा, अशी ती कल्पना होती. पण हाताने केलेले प्रत्येक काम शिक्षण ठरत नाही, असे झाकिर साहेब मानत. काम आधी विचारपूर्वक ठरवावे, मन लावून करावे आणि झाल्यावर स्वतःच कठोरपणे तपासावे, तरच ते शिकवते. रोज शंभर प्रश्न सोडवणे हेही टकळी फिरवण्यासारखेच काम आहे. तपासणी प्रामाणिक नसेल तर नुसती टकळी फिरते.

गणिताचे प्रश्न सोडवण्याचा हेतू मुळात काय होता? नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी ज्या ग्रंथातून जगाला अल्जिब्रा हे नाव दिले, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या हिशेबांचा आहे. समजा, एक माणूस पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी मागे ठेवून गेला. मालमत्तेचे 24 भाग करायचे. 3 पत्नीचे, 14 मुलाचे, 7 मुलीचे. हाच प्रश्न चार पर्याय देऊन विचारला तर तुक्का लागूही शकेल. पण खऱ्या घरात अंदाजाने वाटणी केली, तर मुलीचा हक्क मारला जाईल. उद्याच्या इंजिनियरने पुलाचा भार अंदाजाने ठरवला तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून आमच्या सरावाच्या वहीत आता तीन खुणा असतात. खात्रीने सोडवलेल्या प्रश्नाला एक, शब्द अडलेल्याला दुसरी आणि तुक्क्याला तिसरी. तिसरी खूण असलेले उत्तर बरोबर आले तरी मोजायचे नाही. तो प्रश्न पुन्हा सोडवायचा. त्या मुलीचे गुण आधी इतरांपेक्षा कमी दिसत. पण आपल्याला काय येत नाही याची यादी तिच्याकडे तयार होती आणि ती रोज थोडी थोडी कमी होत होती.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मूल सराव परीक्षा देऊन घरी आले की ‘किती गुण मिळाले?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘त्यातले खरोखर किती येत होते?’ असेही विचारा. आणि त्याने खरी संख्या सांगितली, ती कमी असली, तर रागावू नका. पुढच्या रविवारी कुठून सुरुवात करायची, हे त्या संख्येवरूनच कळणार आहे.