पोरात दम आहे, पण किती?

"पोरात दम आहे." शिरूर-दौंड पट्ट्यात कबड्डीच्या मैदानाशेजारी दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे वाक्य कानावर पडतं. कधी पंच बोलतात, कधी माइकवरचा निवेदक, कधी ज्याने वीस वर्षांपूर्वी खेळ सोडला असा एखादा तात्या. दम हा शब्द आपल्याकडे फार कामाचा आहे. दम म्हणजे श्वास. दम लागतो तेव्हा तो संपत आलेला असतो. दम दिला की धमकी, दम धरला की संयम. आणि कबड्डीत तर एका दमात समोरच्या अंगणात जाऊन परत यायचं, हा खेळाचा पायाच. आता मॅटवर रेड ३० सेकंदांची असते आणि घड्याळ सगळ्यांना दिसतं. पण मुलाबद्दल बोलताना आपण अजून दमच मोजतो.

मला या वाक्याची काळजी वाटते. बोलणारा ते बोलून चहा प्यायला निघून जातो. ऐकणारा त्यावर आयुष्याची तीन-चार वर्षं लावतो.

एक मुलगा डोळ्यासमोर आणू. न्हावऱ्याकडचा, वय २०, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. रेडर आहे. कॉलेजकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो आणि यात्रांच्या दिवसांत गावोगावच्या रात्रीच्या स्पर्धा मंडळाकडून. उंची बेताची, वजन सत्तरच्या आत. हाताचा टच झकास, बोनसला पाय नेमका पडतो. घरी थोडा ऊस, थोडा कांदा. मोठा भाऊ रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. असा मुलगा केडगावला आहे, पाटसला आहे, तळेगाव ढमढेऱ्यालाही आहे, म्हणून नाव द्यायची गरज नाही. प्रश्न असा की हा मुलगा प्रो कबड्डीत खेळेल का? आणि त्याआधीचा प्रश्न: हे त्याला सांगण्याचा अधिकार कुणाला, आणि कोणत्या शब्दांत?

मोजता येणाऱ्या गोष्टी आधी पाहू. पॉइंट किती काढले, हे सगळेच सांगतात. ते कुणाविरुद्ध काढले, हे कमी जण विचारतात. यात्रेतल्या मातीच्या मैदानावर आठ पॉइंट काढणं आणि मॅटवर, एकत्र सराव केलेल्या बचावफळीसमोर आठ काढणं, यात मोठं अंतर आहे. मातीत पाय घसरतो, तसा बचावपटूचाही घसरतो. मॅटवर बूट रोवतो आणि घोटा पकडणारा हातही तितक्याच वेगाने येतो. त्यात रील्सची भर. रीलमध्ये पंधरा सेकंदांची सुपर रेड असते. त्याच सामन्यातल्या रिकाम्या परतलेल्या रेड्स, 'डू ऑर डाय'मध्ये अडकलेला पाय, शेवटच्या पाच मिनिटांत उतरलेला वेग, हे कुणी अपलोड करत नाही. मुलगा स्वतःसुद्धा स्वतःला रीलमधूनच बघू लागतो. परीक्षकाची पहिली अडचण ही, की त्याच्यासमोर आलेला पुरावा आधीच निवडून आलेला असतो.

तरी ही अडचण सुटण्यासारखी आहे. चार सामने पूर्ण बघा, वही घेऊन बसा. खरी अडचण 'क्षमता' या शब्दातच आहे.

या शब्दाशी अ‍ॅरिस्टॉटल चांगलाच झुंजला होता. त्याच्या काळात मेगाराच्या विचारवंतांचं म्हणणं असं, की माणूस एखादी गोष्ट करत असतो तेवढ्यापुरतीच त्याच्यात ती क्षमता असते. म्हणजे घर बांधत नसताना गवंडी हा गवंडी नाही. अ‍ॅरिस्टॉटलला हे हास्यास्पद वाटलं. दुपारी जेवायला बसलेला गवंडी आपली विद्या विसरतो का? त्याने क्षमतेचे दोन थर वेगळे केले. लहान मूल व्याकरण शिकू 'शकतं', हा एक अर्थ. व्याकरण शिकलेला माणूस आत्ता झोपला आहे, पण उठला की वापरू 'शकतो', हा दुसरा.

आपले निवड करणारे हे दोन थर सर्रास एकमेकांत मिसळतात. सहा फुटी, रुंद खांद्यांचा मुलगा ट्रायलला आला की सगळे म्हणतात, मटेरियल आहे. तो पहिला थर: अजून शिकायचं आहे, शिकू शकेल. आपला न्हावऱ्याचा मुलगा बऱ्याच अंशी दुसऱ्या थरातला. त्याला बचावपटूचं वजन कोणत्या पायावर आहे ते कळतं, कोपऱ्यातला माणूस कधी झेपावणार ते कळतं. फक्त त्याला मोठ्या मैदानावर कुणी उभं केलेलं नाही. पहिला थर नजरेला दिसतो, फोटोत येतो. दुसरा ओळखायला वेळ द्यावा लागतो. ट्रायलमध्ये वेळच नसतो, त्यामुळे सेंटिमीटर जिंकतात.

बास्केटबॉलमध्ये हा पेच फार स्पष्ट दिसतो. तिथला गार्ड म्हणजे बहुधा संघातला बुटका माणूस, चेंडू हातात ठेवणारा, खेळ चालवणारा. २०१५ साली पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर निवडला गेला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. सात फुटांवरची उंची हे त्याचं भांडवल होतं, म्हणजे पहिला थर. डॅलसने त्याला निवडलं, पण एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याला मिळाला नाही. उलट बाजूला स्टीफन करी. छोट्या कॉलेजचा, किरकोळ अंगाचा गार्ड. २००९च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाकडे पाचवी आणि सहावी अशा लागोपाठ दोन निवडी होत्या. त्यांनी दोन्ही वेळा गार्डच घेतले, आणि दोन्ही वेळा करी सोडून दुसरेच. तो सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटला मिळाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आज मिनेसोटावर हसणं सोपं आहे. पण त्यांनी घेतलेल्या दोघांपैकी जॉनी फ्लिनची कारकीर्द कमरेच्या सांध्याच्या दुखापतीने लवकर आटोपली. करीचाही घोटा सुरुवातीच्या वर्षांत पुन्हा पुन्हा दुखावत होता. तो घोटा बरा झाला नसता, तर गोल्डन स्टेटची निवड चुकीची ठरली असती का? की योग्यच राहिली असती, फक्त दुर्दैवी?

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने हाच प्रश्न चित्रकार गोगँच्या निमित्ताने विचारला होता. त्याने कल्पिलेला गोगँ बायकामुलांना सोडून दूर बेटावर चित्रं काढायला जातो. विल्यम्स म्हणतो, त्याचा निर्णय समर्थनीय होता की नाही हे त्या दिवशी ठरूच शकत नाही. समर्थन झालंच तर यशातूनच होईल. पण अपयशाचे दोन प्रकार आहेत. वाटेत अपघात होऊन हात निकामी झाला, तर निर्णय चूक होता असं सिद्ध होत नाही; प्रश्न अनुत्तरित राहतो. पोहोचून, सगळं मिळून, चित्रंच सामान्य निघाली, तर मात्र निर्णय चूक ठरतो.

हा फरक आपल्या मैदानांवर पाळला जात नाही. पोराचा गुडघा गेला, एसीएल फाटला, की तीच तोंडं म्हणतात, "आम्ही तेव्हाच सांगितलं होतं." काय सांगितलं होतं? गुडघ्याबद्दल तर कुणी काही बोललं नव्हतं. सिद्धार्थ देसाईचं उदाहरण घ्या. चंदगड तालुक्यातला हा रेडर २०१८ला यू मुम्बाकडे ३६.४ लाखांत गेला, पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक रेड पॉइंट काढले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १.४५ कोटी लावले. मग खांदा दुखावला, भाव उतरला, पुन्हा चढला. खांद्याच्या एक्स-रेबरोबर माणसाची गुणवत्ता वरखाली झाली असं म्हणणं मला पटत नाही. बाजाराने किंमत बदलली. बाजाराला तो अधिकार आहे. शेजाऱ्याला नाही.

आता माझ्या मूळ काळजीकडे येतो. प्रो कबड्डीचा संघमालक एका मुलावर डाव लावत नाही. दहाव्या हंगामात डी गटाची मूळ किंमत ९ लाख होती. शिवाय लिलावाबाहेरून 'न्यू यंग प्लेअर' म्हणून कोवळे खेळाडू घेता येतात. पाच पोरं घेतली, चार गेली, एक असलम इनामदार निघाला, की हिशेब जमला. नगर जिल्ह्यातला असलम आठव्या हंगामात पुणेरी पलटणमध्ये आला आणि मार्च २०२४मध्ये त्याच्याच कप्तानीत पलटणने हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. ही गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, आणि प्रत्येक ट्रायलला सांगितली जाते. पण 'पाचात एक' हा आकडा मालकासाठी धोरण आहे. मुलाकडे पाच आयुष्यं नाहीत. तोच अंदाज, तितकाच प्रामाणिक, दोघांसाठी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. "याच्यात शक्यता आहे" असं संघाला सांगणारा स्काउट खरं बोलतो. तेच वाक्य जसंच्या तसं मुलाला सांगितलं तर ते अर्धवट खरं, आणि अर्धवट खरं इथे फसवणुकीच्या जवळ जातं.

दौंडमध्ये तर 'प्रोफेशनल' या शब्दालाच दोन अर्थ आहेत. एका बाजूला रेल्वे जंक्शन, दुसरीकडे राज्य राखीव पोलीस दलाचे गट. लीग २०१४ला सुरू झाली. त्याआधी कबड्डीत 'करिअर झालं' याचा अर्थ रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडू म्हणून लागला, असाच होता. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात, प्रमाणपत्राची पडताळणी होते, पगार महिन्याला येतो. म्हणून वडील जेव्हा म्हणतात, "आधी भरतीचं बघ, मग काय खेळायचं ते खेळ," तेव्हा ते स्वप्न मोडत आहेत असं समजणं घाईचं ठरेल. तेही मूल्यमापनच करत आहेत. फरक इतकाच की ते एका आयुष्याचा हिशेब करतात, स्काउट पाचांचा.

वडिलांची बाजू घेऊन थांबलो असतो, पण एक गोष्ट आडवी येते. क्षमता काही अंशी मैदान देणाऱ्यामुळेच तयार होते. मुलींकडे पाहा. २०१६ला प्रो कबड्डीबरोबर महिलांची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली, आणि तिचा पुढे हंगामच आला नाही. २०२३ला हांगझोऊत भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ हरवून आशियाई सुवर्ण घेतलं. पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होती. तरी शिरूरच्या एखाद्या मुलीबद्दल "ही लीग खेळेल" असं कुणी म्हणत नाही. दम कमी आहे म्हणून नव्हे, मुलींसाठी प्रो कबड्डीसारखी लीगच नाही. उद्या लीग आली की याच मुलींमध्ये अचानक 'पोटेन्शियल' सापडेल. तेव्हा सगळ्यांनीच वडिलांसारखा एका आयुष्याचा हिशेब केला तर कुणीच पुढे जाणार नाही, आणि मग 'आपल्या भागात टॅलेंट नाही' हेही खरं होऊन बसेल.

म्हणून डाव लावायला माझी हरकत नाही. माझं म्हणणं इतकंच की जो मोठ्या तोंडाने "दम आहे" म्हणतो, त्याने त्या डावातला थोडा भार उचलावा. थोडा म्हणजे किती, यावर वाद होऊ शकतो. कारणं सांगणं हे तर अगदी किमान. "तुझ्यात काहीतरी आहे" हे कारण नव्हे. मुदत सांगणं हे दुसरं. आपल्याकडे आशा देताना कुणी तारीख देत नाही, आणि बिनतारखेची आशा मुलाला २६-२७ वर्षांपर्यंत ओढत नेते. तोवर डिग्री अर्धवट आणि भरतीच्या वयाची उलटी मोजणी सुरू. आणि ज्याला जमेल त्याने पुण्याला जायचं भाडं, बुटांचा एक जोड, फिजिओकडची एक फेरी, यातलं काहीतरी स्वतःच्या खिशातून द्यावं. खिशात हात घालताना माणूस आपलं मत एकदा तपासून पाहतो, हा माझा अनुभव आहे.

न्हावऱ्याच्या त्या मुलाला एखाद्या सरांनी काय सांगावं, याचा मी बराच विचार केला. साधारण असं काहीतरी: "हे बघ बाळा, तुझा टच राज्य पातळीचा आहे, ते मी चार सामने लिहून काढून सांगतोय. डावीकडून रेड कच्ची आहे आणि शेवटच्या पाच मिनिटांत तू मावळतोस. वजन चार-पाच किलो वाढलं पाहिजे, स्नायूंचं. लीगमध्ये जाशील असं मी म्हणत नाही. दोन हंगाम बघू. तोवर शेवटचं वर्ष सोडायचं नाही आणि सकाळचं सोळाशे मीटर चुकवायचं नाही. दोन हंगामांनी मी स्वतः तुझ्या घरी येऊन तुझ्या वडिलांसमोर बोलेन, काहीही असलं तरी."

यावर मुलगा बहुतेक नाराज होईल. त्याला "दम आहे" एवढंच ऐकायचं होतं. आणि सरांनाही ते बोलणं सोपं नाही, कारण दोन हंगामांनी खरंच त्या घरी जावं लागणार.