लेन्सला नावं ठेवण्यापूर्वी

बस समोर. ती निगेटिव्हची पट्टी लाइटबॉक्सवर ठेव आणि मान खाली घालू नकोस, नीट बघ. अख्ख्या रोलमध्ये आजींचे डोळे एकदाही फोकसमध्ये नाहीत. एका फ्रेममध्ये कानातलं सोनं सुरेख टिपलंयस, पण कानातलं बघायला कुणी पोर्ट्रेट काढत नाही. आणि दारातून आत येता येता तू काय म्हणालास? "सर, लेन्स खराब निघाली." लेन्स ठीक आहे. कच्चा तू आहेस.

ही हेलिऑस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ/२. जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटारवर बेतून सोव्हिएत कारखान्यांनी लाखोंनी काढली आणि झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती जगभर पोचली. चोरबाजारातून आणलीस, झेनिटवर चढवलीस, गळ्यात अडकवून वसई स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत मिरवलीस. चालवायची कशी, हे मात्र कुणाला विचारलं नाहीस. लेन्स समोर आहे, सांग बरं, हिला ॲपर्चरच्या दोन रिंग कशाला? गप्प बसलास ना! एक रिंग आकडा ठरवते, दुसरी पाती उघडते आणि मिटते. उघड्यावर फोकस करायचा, दुसरी रिंग फिरवून ठरवलेल्या आकड्यावर आणायची, मग शटर दाबायचं. झेनिट तुझ्यासाठी पाती मिटत नाही. किल्ल्यातल्या चर्चच्या सावलीतल्या फ्रेमना तू एफ/५.६ ठरवलास, रिंग फिरवायला विसरलास आणि एफ/२ वरच मारलास. फिल्मवर आठपट उजेड पडला. तरी म्हणे लेन्स खराब!

उन्हातल्या फ्रेमची गोष्ट याहून वाईट, कारण तिथे विसरलास असंही नाही. मुद्दाम उघडी ठेवलीस. मागचं सगळं गरगर फिरायला हवं होतं ना तुला? अरे, कॅमेऱ्यात ४०० ची फिल्म, डोक्यावर भर दुपारचं ऊन आणि झेनिट-ईचं शटर फार तर १/५००. त्या हिशेबाला एफ/१६ लागतो. एफ/२ म्हणजे सहा स्टॉप जास्त, चौसष्टपट उजेड. रंगीत निगेटिव्ह पुष्कळ सोसते, पण तिच्या सोसण्यालाही मर्यादा आहे. उघड्या लेन्सची एवढीच हौस होती तर १०० ची फिल्म घालून वर उजेड मारणारा एनडी फिल्टर लावायचास, नाहीतर ऊन कलेपर्यंत थांबायचंस. यातलं काहीही करायला बुद्धी लागत नाही, नुसता धीर लागतो.

आणि गरगर फिरणार काय होतं? पाठीमागे सेंट जोसेफ चर्चची सपाट दगडी भिंत! ही लेन्स कडेचे प्रकाशाचे ठिपके चपटे करून गोल मांडते, म्हणून पार्श्वभूमी फिरल्यासारखी दिसते. त्यासाठी मागे ठिपके तर हवेत. पानांच्या फटींतून झिरपणारा उजेड हवा आणि तोही माणसापासून चार हात मागे. केळी आणि पानवेलींच्या वाड्या तुझ्या घराभोवती आहेत. त्या सोडून तू भिंतीपुढे गेलास आणि भिंत फिरत नाही म्हणून लेन्सवर चिडलास.

आता फोकस. ५८ ची लेन्स, एफ/२, माणूस एक मीटरवर. स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यावर फोकस केलास तर डोळे गेलेच समज. मधोमध फोकस करून नंतर कॅमेरा तिरका केलास, तरी पट्टा सरकतो. आजी ऐंशीच्या घरातल्या, स्टुलावर बसलेल्या, श्वासागणिक थोड्या पुढेमागे होणार. एफ/४ वर आला असतास तर पट्टा दुप्पट झाला असता आणि दोन्ही डोळे सापडले असते. पण एफ/४ वर फोटो काढला तर जुन्या लेन्सचा फोटो वाटणार नाही, हीच ना भीती? चेहऱ्यापेक्षा लेन्सची सही मोठी झाली तुला.

पोर्ट्रेट लेन्स मुळात कशासाठी निघाली, ठाऊक आहे? १८४० साली व्हिएन्नात पेट्झव्हाल नावाच्या गणितज्ञाने ती आकडेमोड करून बसवली. तोवर समोरच्या माणसाला मिनिटामिनिटांनी ताटकळत बसावं लागे. पेट्झव्हालच्या लेन्सने कैक पट उजेड आत घेतला आणि ते ताटकळणं कमी केलं. कडेला गरगरणारी पार्श्वभूमी हा त्या लेन्सचा उरलेला दोष होता. ज्याला तू शैली म्हणतोस, तो. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी मुंबईची माणसं टिपू लागले. तेव्हाही माणसाला हलू न देणं ही फोटोग्राफरचीच जबाबदारी होती. मोठं ॲपर्चर समोरच्याचा त्रास वाचावा म्हणून आलं. तू ते स्वतःची हौस भागवायला वापरलंस.

थांब, उठू नकोस. लेन्स उजेडासमोर धर आणि मागून टॉर्च मार. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलंय ते दिसतंय? बुरशी आहे ती. जून ते सप्टेंबर लेन्स कातडी केसमध्ये, केस लोखंडी कपाटात, आणि बरोबर डांबरगोळ्या! कातडं ओल धरून ठेवतं आणि डांबरगोळ्यांची वाफ काचेवर साय धरते. वसईची हवा काय आहे, हे इथल्या माणसाला शिकवायचं? बुरशीने सोडलेलं आम्ल कोटिंगमध्ये कोरलं गेलं की कितीही पुसलं तरी ती नक्षी जात नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, एवढं पुरतं. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेव. जेलचा रंग बदलला की तापवून सुकव, पण आईच्या स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. आणि लेन्स वापर. बाहेर काढ, वारा लागू दे. डब्यात पडून राहिलेली लेन्स लवकर सडते.

चर्चगेटहून एसी लोकलने विरारला उतरलास की लगेच बॅग उघडतोस, तेही मी पाहिलंय. थंडगार काचेवर आपली दमट हवा क्षणात धुकं धरते आणि तू ते शर्टाच्या टोकाने पुसतोस. बॅग बंद ठेव, लेन्सला बाहेरच्या हवेइतकी गरम होऊ दे, धुकं आपोआप धरायचं नाही. राजोडीच्या किनाऱ्यावरून आलास की आधी ब्लोअर मारून रेती आणि मीठ उडव, मग ब्रश, मग मायक्रोफायबरच्या कापडावर एक थेंब क्लीनर. थेंब कापडावर, काचेवर कधीच नाही.

आणि फोकसची रिंग जड झाली म्हणून शिवणयंत्राचं तेल सोडणारा वीर तूच ना? तेल पात्यांवर आणि तिथून काचेवर उतरतं. तिथे घट्ट ग्रीस लागतं आणि तेही जुनं पूर्ण काढून. व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नकोस. फोकसच्या आट्या कुठून सुटल्या याची खूण न करता उघडलीस आणि भलत्याच आटीवर बसवलीस, तर लांबचं काहीच फोकसमध्ये येणार नाही. जाणत्या मेकॅनिककडे दे.

हे सगळं मी एका काचेच्या तुकड्यासाठी बोलत नाहीये. आजींनी ट्रंकेतलं लाल लुगडं काढलं, दागिने घातले, गास गावाहून किल्ल्यात आल्या आणि तू सांगशील तिथे उन्हात बसल्या. रोज लुगडं नेसणारी त्यांच्या पिढीतली माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकला आणि तू त्यांच्यावर प्रयोग केलास.

आता ऐक. लेन्स आजपासून माझ्याकडे. साफ करून घेऊ, किती वाचते ते बघू. तोवर गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' चाळ; प्रत्येक फोटोत डोळ्यांतला उजेड कुठून आलाय, ते वहीत लिहून आण. घरी रिकाम्या कॅमेऱ्यावर फोकस, रिंग, शटर हा क्रम हाताला बसेपर्यंत घोक. आणि येत्या रविवारी मास सुटल्यावर आजींच्या घरी जा. कॅमेरा नेऊ नकोस. झालं ते त्यांना खरं सांग, माफी माग आणि पुन्हा बसाल का, हे विचार. त्या हो म्हणाल्या तरच लेन्स परत मिळेल.