त्रैक्याचा वाद आणि रमाबाईंचा नकार

ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याची गोष्ट निघाली की आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील सश्रद्ध मनुष्य बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देतो. 'त्यात काय विशेष, हे तर आमचे दत्तात्रेयच', हे एक. आणि 'तीन म्हणजे एक कसे, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक', हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी विषय मिटतो, आणि म्हणूनच दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. ज्या मतापायी माणसे हद्दपार झाली, जाळली गेली, आणि ज्याच्यापायी एका मराठी पंडितेने परक्या देशात आपला एकुलता एक आश्रय पणास लावला, ते मत इतक्या स्वस्तात निकालात निघू नये.

मत थोडक्यात असे. देव एकच, परंतु पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत तो नित्य आहे. हे तीन देव नव्हेत. आणि एकच देव प्रसंगानुसार तीन सोंगे घेतो असेही नव्हे, कारण तसे म्हणणाऱ्यासही चर्चने पाखंडीच ठरविले. दत्तमूर्तीची उपमा येथेच अडखळते. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामे वाटून दिलेली आहेत. त्रैक्यात अशी वाटणी नाही. तेथे भांडण आहे ते एकाच प्रश्नावर: येशू हा देवाच्या बरोबरीचा, की देवाने निर्मिलेला?

अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मोपदेशकाने दुसरे उत्तर दिले. त्यावर सम्राट कॉन्स्टन्टाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची परिषद भरविली. पुत्र पित्याशी 'एकाच तत्त्वाचा' आहे असे तेथे ठरले आणि एरियसला देशोधडीस लावण्यात आले. पुढे मध्यममार्ग काढू पाहणाऱ्यांनी 'सारख्या तत्त्वाचा' हा शब्द सुचविला. ग्रीक भाषेत या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे. एका अक्षराने दावा फिरतो हे आम्हां वकिलांस नवे नाही. परंतु आमच्या दाव्यात फार तर शेत जाते. येथे परिषदेचा कैवारी अथनेशियस हाच, सम्राटांची मर्जी फिरेल तसा, पाच वेळा हद्दपार झाला. १५५३ मध्ये जिनिव्हात सर्व्हेटसला जिवंत जाळले, ते त्रैक्य नाकारल्याच्याच आरोपावरून. आणि जाळणारे रोमचे नव्हते, सुधारक पंथाचे होते. इंग्लंडात त्रैक्य नाकारणाऱ्या ख्रिस्त्यास शिक्षा देणारी कलमे १८१३ साली रद्द झाली.

म्हणजे पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात पोचल्या तेव्हा या मतासाठी कोणी तुरुंगात जात नव्हते. सरकारचा हात दूर झाला होता. उरला होता तो समाजाचा हात. आणि तो अधिक मऊ असतो म्हणूनच त्याचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो.

रमाबाई त्या वेळी पंचविशीतल्या. आईबाप दुष्काळात गेलेले, पती बिपिनबिहारी वर्षापूर्वीच वारलेले, आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा. वैद्यक शिकावे हा हेतू. परंतु कानांनी दगा दिला. वाँटेज येथील जोगिणींच्या मठाने त्यांना आसरा दिला, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी मायलेकींनी तेथे बाप्तिस्मा घेतला. मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हणत. पुढचे सर्व भांडण या आजी-नातीच्या नात्यात झाले हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

भांडण लहान गोष्टींतूनही होत असे. रमाबाई मांस खात नसत, अंडे घातलेला पदार्थही वर्ज्य मानीत. त्यात जेराल्डिनबाईंना जातीचा जुना अहंकार दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तर रमाबाईंचा सवाल असा की, लॅटिनच का, संस्कृत का नाही? देवाला काय एकच भाषा समजते? आम्हांस हा प्रश्न फार आवडतो. परंतु मुख्य गाठ त्रैक्याची होती. अथनेशियसच्या नावे चालत आलेला जो मतांगीकार इंग्लंडच्या चर्चमध्ये म्हटला जाई, त्याची भाषा त्यांना पटेना. येशूला त्या गुरू मानीत, तारक मानीत. परंतु त्याला देवाच्या जागी बसवून भजण्यास बायबलात आधार सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक देवांतून एका देवाकडे मोठ्या कष्टाने आलो, आता पुन्हा मागे कशाला जावे, हा त्यामागचा पीळ. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी याविषयी सविस्तर पत्रव्यवहार केला. त्या बाईंनी रागावण्याऐवजी युक्तिवाद केला, आणि म्हणून ती पत्रे वाचनीय झाली आहेत. जेराल्डिनबाईंना लिहिताना मात्र रमाबाईंची लेखणी धारदार होते. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच मानेवरून उतरविले आहे, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे. मला माझी स्वतःची सदसद्‌विवेकबुद्धी आहे, असा त्यांचा आशय.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मठ म्हणजे धर्मशाळा नव्हे. ज्या संस्थेचा पायाच एका मतावर आहे, तिने आत येणाऱ्यास 'तुला हे मान्य आहे काय?' असे विचारू नये, हे म्हणणे न्यायाचे नाही. बाप्तिस्मा घेताना जे उच्चारलेस ते आता का नाकारतेस, हा प्रश्नही रास्त आहे. जेराल्डिनबाईंनी तो विचारला यात त्यांचा दोष आम्हांस दिसत नाही. दोष दिसतो तो याच्या पुढच्या पायरीवर. 'मला हे पटलेले नाही' या वाक्याला त्यांनी गर्व म्हटले. पटणे ही गोष्ट मनुष्याच्या हुकमातली नसते. सही करणे हातात असते, मान तुकविणे हातात असते; पटवून घेणे नसते. जे हातात नाही त्याचा उशीर हा अपराध मानला, की समोरच्यापुढे दोनच वाटा उरतात: खोटे बोलावे किंवा निघून जावे. पहिल्या वाटेने गेलेले लोक कोणत्याही धर्मात भरपूर सापडतात, आणि त्यांच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही.

येथवर वाचून आमच्या मंदिरांतील काही मंडळी मनातून सुखावली असतील. त्यांनी थोडे थांबावे. रिद्धपूर आमच्यापासून दूर नाही; वरूड-मोर्शीकडे ज्याचे जाणेयेणे आहे त्यास महानुभाव पंथ ठाऊकच आहे. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पाच अवतार, परंतु परमेश्वर एकच. आणि देवता या परमेश्वराहून निराळ्या, म्हणून त्यांची उपासना नको, असे या पंथाचे मत. पाचांत एक पाहणाऱ्या या लोकांस आम्ही किती शतके संशयाने वागविले! त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले आणि मराठीतले आद्य गद्य कैक शतके त्या लिपीआड राहिले. आणि रमाबाईंना तरी पुण्याने काय दिले? १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढणाऱ्या या विधवेचे शास्त्रज्ञान आम्हांस हवे होते. तिचे प्रश्न नको होते. शास्त्रात स्त्रीला मोक्षाचा अधिकार कोठे, हे तिने विचारले तेव्हा आमच्याकडेही त्याला गर्वच म्हटले गेले.

त्रैक्याला आपल्या शब्दांत आणण्याचा अधिक गंभीर यत्न दत्तात्रेयाच्या उपमेने नव्हे, तर ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली कॅथलिक संन्याशाने केला. सत्, चित्, आनंद या तीन पदांत त्याला त्रैक्य दिसले. १८९८ मध्ये त्याने त्यावर संस्कृत स्तोत्र रचले आणि पुढल्या वर्षी आमच्याच प्रांतात, जबलपूरला नर्मदेकाठी, मठ मांडला. चर्चच्या वरिष्ठांची मर्जी त्यावर बसली नाही आणि मठ टिकला नाही. भगवी वस्त्रे आणि वेदान्ताची भाषा, दोन्ही त्यांना खुपली.

रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या आणि वाँटेजच्या छायेतून बाहेर पडल्या. पुढे १८९१ च्या सुमारास, शारदा सदन चालवीत असताना, त्यांच्या ख्रिस्तश्रद्धेस निराळेच वळण लागले. आजवर आपण ख्रिस्ताचा धर्म धरला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. चर्चचे अभिमानी म्हणतील, अखेर आमचेच खरे ठरले. ठरले असेलही. परंतु त्या वेळी त्यांच्या डोक्यावर कोणी उभे नव्हते. आणि एक गोष्ट जेराल्डिनबाईंच्या पदरी टाकलीच पाहिजे: ज्या पत्रांत त्यांच्यावर इतकी टीका आहे, ती पत्रे त्यांनीच जपून संगतवार लावून ठेवली, ती १९७७ मध्ये महाराष्ट्रात छापून निघाली म्हणूनच आज आम्हांस हा वाद दोन्ही तोंडांनी ऐकता येतो.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. बायबल दुसऱ्याच्या मराठीत वाचणे त्यांना पुरेना. मूळ भाषांतून सोप्या मराठीत त्यांनी ते सारे उतरविले, आणि संस्थेच्याच छापखान्यात मुलींच्या हातून त्याची जुळणी झाली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.