कौल कुणाचा?

उपवर मुलीने एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचावे, म्हणजे मनाजोगा वर लाभतो, ही श्रद्धा आमच्या वडीलधाऱ्यांनी कोकणातून जबलपुरातही आणली. आत्याने नर्मदाकाठच्या घरात त्याची पारायणे केली. 1571 मध्ये काशीत पूर्ण झालेला हा ग्रंथ वस्तुतः जीवशिवाच्या ऐक्याचा. घरोघरी तो लग्नाचा उपाय होऊन बसला, हे असो. त्यातली रुक्मिणी अंबिकेच्या देवळात जाते, ती कौल मागायला नव्हे. वर तिने आधीच मनाशी निवडलेला असतो, द्वारकेला पत्रही धाडलेले असते. तोच मिळावा, एवढेच तिचे मागणे.

आत्याचे स्थळ आजोबांनी आणले. गावच्या दैवताला फुले लावून गुरवाने विचारले. उजवे फूल आधी पडले. आत्या तेव्हा जबलपुरातच होती. देवाला विचारू नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु देव उत्तर देतो ते विचारलेल्या प्रश्नाचे, आणि तो प्रश्न तिचा नव्हताच. पुढे संसार आंबला, तेव्हा ‘कौलच तसा होता’ म्हणून आजोबा मोकळे झाले. आत्याला तसे म्हणता आले नाही. पोथी तर तिनेच वाचली होती.