संगणकाची कार्यप्रणाली: कला की कायदा?

इटालियन लेखक उंबेर्तो एको ह्यांनी १९९४ साली 'लेस्प्रेसो' ह्या साप्ताहिकातील आपल्या सदरात एक गमतीदार सिद्धान्त मांडला होता. मॅकिंटॉश संगणक कॅथलिक आहे आणि डॉस प्रॉटेस्टंट, असे त्यांचे म्हणणे. मॅकिंटॉश आपल्या भाविकाचा हात धरून त्याला पायरी पायरीने मुक्तीपर्यंत, म्हणजे छापलेला कागद हाती पडेपर्यंत, नेतो. डॉस मात्र शास्त्राचा अर्थ ज्याचा त्याने लावावा असे सांगतो आणि सगळेच तरतील अशी हमी देत नाही. विंडोजला त्यांनी अँग्लिकन पंथाच्या शेजारी बसवले होते. विनोद विनोदाच्या ठिकाणी. परंतु एक कार्यप्रणाली सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसांचे बोलणे ऐकले की सोडलेल्या घराविषयीची कटुता, नव्या घराचा उत्साह आणि मागे राहिलेल्यांविषयीची करुणा ह्या तिन्ही गोष्टी त्यात आढळतात. धर्मांतर हा शब्द आपल्या देशात जपून वापरावा लागतो, म्हणून आम्ही ह्याला स्थलांतर म्हणू.

हा विषय उगाच निघालेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. परिणामी धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. आपल्या शाळांत, पतपेढ्यांत, धर्मग्रामाच्या कार्यालयांत अशी यंत्रे आहेत. युवक म्हणतात, लिनक्स घाला. ते विनामूल्य आहे, जुन्या यंत्रावर चालते आणि चोरून आणलेल्या प्रतीचा प्रश्नच मिटतो. हा शेवटचा मुद्दा आम्हांस मोलाचा वाटतो. सातवी आज्ञा सीडीला लागू नाही, असा समज आपल्या समाजात बराच काळ सुखेनैव नांदला आहे.

तर मग बदल करावा हे उघड नाही काय? येथे संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात घातलेला एक प्रश्न आठवतो. अधिक चांगला कायदा सुचला की जुना लगेच बदलावा काय? त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. ॲरिस्टॉटलचा धागा पकडून ते म्हणतात की कलेचे नियम केवळ बुद्धीच्या बळावर उभे असतात, तेव्हा तेथे अधिक चांगले सापडताच जुने टाकावे. पण कायद्याचे बळ मुख्यतः वहिवाटीत असते. कायदा बदलला की वहिवाट मोडते, म्हणजे नवा कायदा उत्तम असला तरी बदल ही स्वतःच एक हानी होय. तिची भरपाई करील एवढा लाभ असेल, किंवा जुने चालू ठेवणे अन्यायाचे वा फार अपायकारक असेल, तरच बदल करावा.

आता संगणकाची कार्यप्रणाली ही कला की कायदा? जो ती घडवतो त्याच्या दृष्टीने ती कला. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला, तेव्हा त्याला कोणाची वहिवाट सांभाळावयाची नव्हती. परंतु जी व्यक्ती वीस वर्षे त्याच पडद्यासमोर बसून बाप्तिस्म्याचे दाखले काढते, तिच्यासाठी ती कायद्यासारखीच असते. कोणती कळ कोठे, कोणता कागद कोणत्या कप्प्यात, हे तिला आठवावे लागत नाही. ते तिच्या बोटांत असते. हे ज्ञान कोणत्याही हिशेबवहीत लिहिलेले नसते, म्हणून ते नष्ट झाले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

जर्मनीतील म्युनिक शहराने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. नगरपालिकेच्या संगणकांवरील विंडोज एनटी ४ चा आधार संपत आला, तेव्हा मे २००३ मध्ये तेथील नगरपरिषदेने लिनक्सला कौल दिला. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बॉल्मर महापौर क्रिस्तियान उडे ह्यांना जातीने भेटून गेले होते. उपयोग झाला नाही. एकाच कंपनीच्या मुठीत राहू नये, हा हेतू होता आणि तो चांगलाच होता. २०१३ अखेर सुमारे १५ हजार संगणक नव्या प्रणालीवर आले. दहा वर्षे यंत्रे बदलायला लागली नाहीत. खात्याखात्यांचे अर्जनमुने आणि पत्रांचे साचे हुडकून नव्याने बांधण्यात बराचसा काळ गेला. आणि २०१७ साली नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले! बाहेरून आलेली कागदपत्रे नीट उघडत नाहीत, ही तक्रार पुढे करण्यात आली. टीकाकारांनी कंपनीचे जर्मन मुख्यालय २०१६ साली शहरात आले होते ह्याकडे बोट दाखवले.

आमचे लक्ष मात्र खिडकीमागच्या कारकुनाकडे जाते. स्वातंत्र्य मिळाले ते पालिकेला. त्याच्या वाट्याला दोनदा हुकूमच आला. १५५५ साली म्युनिकपासून फार दूर नसलेल्या आउग्सबुर्ग येथे जो तह झाला, त्याने राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ ठरवला. ज्यांना तो मानवत नव्हता त्यांना निदान मालमत्ता विकून दुसऱ्या राज्यात जाण्याची मुभा होती. कारकुनाला नोकरी टिकवावयाची तर तीही नसते. ह्याउलट केरळच्या शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांचे पाहावे. त्यांना संगणकाचे धडे लिनक्सवरच मिळत आले. त्यांच्या बोटांना विसरण्यासारखे काही नव्हते.

मराठी लिहिणाऱ्यांची अडचण आणखी निराळी आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे जे फॉन्ट वापरले गेले, त्यांतील अनेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले होते. तो फॉन्ट यंत्रावर नसला की संतचरित्राचा सारा मजकूर निरर्थक चिन्हांची रांगोळी होतो. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ पासूनच दिल्या आहेत, आणि इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स दोन्हींवर सारखाच चालतो. तरीही जुन्या संचिका अनेक कार्यालयांत जुन्याच फॉन्टमध्ये पडून आहेत. तेव्हा आमच्या मते आधी मोकळा करावयाचा तो मजकूर, यंत्र नव्हे. एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की कार्यप्रणाली कोणतीही असो, तिचा पाश अर्ध्याने सैल होतो. हे काम कंटाळवाणे आहे. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत एका आडनावाचा रफार चुकला तर तो पुढे पासपोर्टच्या वेळी छळतो.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. आधार संपलेले यंत्र इंटरनेटला जोडून त्यावर शेकडो कुटुंबांच्या नोंदी ठेवणे, हे संत थॉमस ह्यांच्या अपवादात बसते. तेथे वहिवाटीचा आदर पुरेसे कारण होत नाही. म्हणजे निर्णय पुढे ढकलणे हाही एक निर्णयच ठरतो, आणि त्याची किंमत ज्यांना कधी विचारलेले नाही असे लोक मोजतात.

म्हणून स्थलांतराचा ठराव जेव्हा धर्मग्राम मंडळापुढे येईल, तेव्हा त्यात किती रुपये वाचतील ह्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीस शिकण्यासाठी किती दिवस मोकळे मिळतील, आणि त्या दिवसांत दाखले कोण काढील. तीन महिने जुने व नवे यंत्र शेजारी शेजारी ठेवावे. जुन्याचे इंटरनेट मात्र तोडावे. ठराव मांडणाऱ्या युवकाने रविवारच्या मिस्सेनंतर तासभर तेथे बसावे, माऊस स्वतःच्या हाती न घेता.