गुन्ह्याचा शिक्का कोण पुसणार?

भाई कोतवाल वकील होते. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल कायदा शिकले आणि सावकारीने पिळलेल्या कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी काढली. बेचाळीसच्या चळवळीत याच माणसाने आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला घेतले. खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईला वीज पुरवत होते, त्यामुळे इथल्या डोंगरात तार तुटली की तिकडे गिरण्यांची चाके थांबत. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले.

मनोरा पाडणे तेव्हाच्या कायद्याने गुन्हा होता, आजच्या कायद्यानेही आहे. मग कोतवालांचे कृत्य निर्दोष कधी ठरले? १५ ऑगस्ट १९४७ ला म्हणावे, तर न्याय-अन्याय जिंकणाऱ्याच्या हाती गेला. त्या दिवशी सत्ता बदलली. तुटलेला मनोरा आणि तो तोडण्यामागचे कारण होते तसेच राहिले.

जर्मनीला हा प्रश्न फार कठोरपणे भोगावा लागला. इंग्रजीत एका शब्दात मावणारा राजद्रोह जर्मन कायद्यात दोन ठिकाणी विभागला जातो: ‘होखफरराट’ म्हणजे आतून राज्यव्यवस्था उलथवणे आणि ‘लांडेसफरराट’ म्हणजे परक्याच्या फायद्यासाठी देशाशी दगा. २० जुलै १९४४ ला हिटलरला मारू पाहणाऱ्यांना माजी सेनाधिकारी ओटो रेमर युद्धानंतरही जाहीर सभेत देशद्रोही म्हणत होता. सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी १९५२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयात त्याच्यावर खटला चालवला. रेमर दोषी ठरला. ज्या राजवटीने न्यायच पायदळी तुडवला तिच्याविरुद्धचे बंड हा देशद्रोह नव्हे, हे तिथे भर न्यायालयात मांडले गेले. त्याआधी, १९४६ मध्ये, कायदेपंडित गुस्टाव राडब्रुख यांनी लिहिले होते की अन्यायाने असह्य पातळी गाठली की लिखित कायद्याने न्यायापुढे मागे सरावे. कोतवालांच्या वाट्याला असा खटला आला नाही. ते वकील होते, म्हणून ही उणीव अधिकच टोचते.

मराठीत या प्रश्नाला टिळकांनी हात घातला होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा प्रकरणात ते महाभारतातल्या विश्वामित्रांकडे वळतात. बारा वर्षांचा दुष्काळ. भुकेने व्याकूळ झालेला ऋषी रात्री चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याची तंगडी उचलू पाहतो. घरधनी जागा होतो आणि उलट तोच ऋषीला धर्म सांगू लागतो. विश्वामित्रांचे उत्तर असे, की आधी जगू, मग धर्म आचरू. पण कोतवालांना स्वतःची भूक भागवायची नव्हती, म्हणून हा दाखला त्यांना पुरता लागू पडत नाही. टिळकांचा पुढचा निकष जास्त उपयोगी आहे: कर्माची परीक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून करावी. अडचण एवढीच की बुद्धी दिसत नाही आणि हेतू निर्मळ असल्याची ग्वाही दरोडेखोरही देतो.

गांधीजींचा आक्षेप इथेच होता. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. त्यांच्या लेखी गुप्तता हेच पाप होते. कायदा मोडायचा तर उघड मोडावा आणि शिक्षा स्वीकारावी. आक्षेप वजनदार आहे. तरीही कोतवालांच्या बाजूने एक साक्ष उभी राहते: धान्यकोठी. बंदुकीआधी तिथे माप होते, आणि त्या मापाने कोणाची भूक भागली हे गाव जाणत होते. हेतू दिसत नसला तरी आधीचे आयुष्य दिसते. त्यावरूनच कोतवालांचे कृत्य १९४३ मध्येही न्याय्य होते असे म्हणता येते. त्यासाठी ४७ सालाच्या मोहरेची गरज नाही.

याच डोंगरातल्या कातकरी आणि ठाकरांना मात्र ४७ सालानेही फारसे काही दिले नाही. १९२७ चा वन कायदा स्वतंत्र भारताने तसाच चालू ठेवला, आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणारा माणूस सरपणाच्या मोळीपायी गुन्हेगार ठरत राहिला. त्यांच्या बाबतीत ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने कबूल केले ते २००६ च्या वनहक्क कायद्यात, अगदी त्याच्या प्रस्तावनेतच. सिद्धगडावर दर २ जानेवारीला मानवंदना होते. मोळीपायी दंड भरलेल्यांची नावे कुठल्याही स्मारकावर नाहीत, आणि वनहक्काचा दावा करताना जमीन आपल्या ताब्यात होती याचा पुरावा अजून त्यांनाच गोळा करावा लागतो.