पोषण आणि दया

शिकारी आपल्या श्वानाची निगा राखतो, तिला दया म्हणावे काय? यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर-पैनगंगेच्या रानालगत ज्यांनी पारध केली, त्यांनी कुत्र्याच्या पायातील काटा काढला, गोचिडी वेचल्या, रानडुकराच्या सुळ्याने फाटलेल्या अंगात हळद भरली, आपल्या भाकरीतला वाटा दिला. ही माया खोटी नव्हे. परंतु तिचे प्रयोजन दुसऱ्या जीवाचा घात, एवढेच असेल तर ते पोषण होय, दया नव्हे.

लीळाचरित्रातील सशाची लीळा भक्तजनांस विदित आहेच. श्वान पाठीस लागलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूतळी रिघाला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागत दिला नाही. श्वान परतंत्र जीव आहे. त्याला सोडणारा हात मनुष्याचा. म्हणून हिंसेचा दोषही सोडणाऱ्याकडेच जातो.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीस बंदी घातली. कायद्याने हात आवरतो. अंतःकरण विचारानेच पालटते. आपणही बैलास सरकी-ढेप घालतो आणि तो थकला की बाजार दाखवितो. मग शिकाऱ्यास बोल कोणत्या तोंडाने लावावा?

दात पडलेल्या, धाव सरलेल्या कुत्र्यास जो भाकरी घालतो, त्याचे पोषण दयेच्या उंबरठ्याशी आले. तीच दया सशापर्यंत पोहोचली की पारध आपोआप सुटते.